भरलेलं माकूल, मालवण ते मोरी स्टेशन: प्रकल्प नोंदी

काम असं: मालवणच्या लिलावात मिळणारं लांबट, नळीचं माकूल (स्क्विड) घ्यायचं आणि भरलेल्या माकुलाच्या पाच पद्धती एका लहान खानावळीच्या चुलीवर बसवायच्या. आपली मालवणी, केरळची वाफवून तळलेली, होक्काइदोची भाताची, बास्क मुलखातली शाईतली आणि कोरियाची चकत्यांची. भरलेलं माकूल ग्रीस, इटली, व्हिएतनाम असं बऱ्याच किनाऱ्यांवर करतात. पण पाककृती उघडली की 'सारण भरा, तोंड काडीनं बंद करा' एवढ्यावर विषय संपतो. प्रत्यक्षात नळी आकसते, सारण फुगतं आणि माल तिथंच वाया जातो. कुठं काय फाटलं, किती मापानं सावरलं, ते खाली तारीखवार आहे.

४ ऑक्टोबर: खरेदी आणि साफसफाई

२ किलो माकूल, ₹३६० किलोनं. नळीची लांबी ११ ते १३ सेंमी, किलोला साधारण १५ नग. भरण्यासाठी हाच आकार घ्यावा. १८ सेंमीच्या पुढचं माकूल सुक्यासाठी किंवा रस्श्यासाठी ठीक, पण ताटात एक नग ठेवला तर ओबडधोबड दिसतं आणि आतपर्यंत शिजायला वेळ लागतो. ८ सेंमीच्या आतलं भरत बसलात तर दुपार जाईल.

ताजं ओळखायला वास ही शेवटची खूण. आधी मांस बघायचं. काचेसारखं अर्धपारदर्शक असेल तर उत्तम, दुधासारखं पांढरं झालं असेल तर चालेल, गुलाबी झाक आली असेल तर वाटा तिथंच ठेवायचा. चांगल्या मालावर कातडीवरचे तपकिरी ठिपके स्पष्ट, सुटेसुटे दिसतात. आणताना बर्फ थेट लावू नये. वितळलेलं गोडं पाणी मांसात मुरतं आणि तेच पाणी पुढं तव्यावर सुटतं. पिशवीत बांधून पिशवी बर्फात ठेवायची.

साफ करताना मुंडकं धरून हळू ओढलं की आतडी सोबत येतात. आतली प्लास्टिकसारखी काडी ओढून काढायची, तुटली तर टोकाकडचा तुकडा बोटानं शोधायचा. मग नळीत बोट घालून वाहत्या पाण्याखाली धुवायचं, कारण पोटात गिळलेले बारीक मासे निघतात. पायांच्या मधोमध दाबलं की चोच बाहेर येते. डोळे पाण्यात बुडवून कापावेत, नाहीतर चिळकांडी थेट अंगावर.

पर (शेंड्याकडचे पंख) ओढून काढायचे नाहीत. ओढताना नळीच्या शेंड्याकडची साल आणि तिच्यासोबत मांसाचा पापुद्रा निघतो. भोक दिसत नाही, पण शिजताना सारण तिथूनच बाहेर येतं. रस्श्यासाठी तुकडे करायचे असतील तर काही बिघडत नाही. भरायच्या नळीचे पर तसेच ठेवावेत किंवा कात्रीनं दोन मिलिमीटर सोडून कापावेत. साफ केलेली प्रत्येक नळी पाण्यानं भरून वर धरायची. जिच्यातून ठिपकते ती बाजूला, तिची चिरून सुकी भाजी.

उतारा: २ किलोतून नळ्या ९४० ग्रॅम, पाय आणि मुंडकी ४१० ग्रॅम, बाकी घाण. ३० नग साफ करायला दोन माणसांना सव्वा तास. ही मजुरी हिशोबात धरली नाही तर ताटाचा भाव चुकतो.

६ ऑक्टोबर: मापं

१२ सेंमीच्या नळीत गच्च भरून पाणी ४५ मिली बसलं. तीच नळी रिकामीच ४५ मिनिटं मंद आचेवर शिजवली आणि पुन्हा मोजली: ३० मिली. म्हणजे तिसरा हिस्सा जागा गेली. चार-पाच मिनिटांच्या झटपट तळणीत नळी इतकी आकसत नाही, तरी चौथाई जागा जातेच.

पुढची सगळी मापं या ३० मिलीवर बेतली आहेत. शिजलेलं, न फुगणारं सारण असेल तर ३० मिली, म्हणजे चहाचे सहा चमचे. भिजवलेला कच्चा तांदूळ असेल तर १५ मिली, तीन चमचे. भरताना नळी अर्ध्याहून जास्त रिकामी आणि लुळी दिसते, आणि हात आपोआप आणखी एक चमचा घेतो. तो घ्यायचा नाही.

काडी लावण्याची जागाही यातच येते. तोंडाच्या कडेला अगदी लागून काडी खुपसली की आकसताना कड चिरत जाते आणि काडी सुटते. कडेपासून एक सेंमी आत, पत्रावळीला चोय टाचतात तशी दोनदा आत-बाहेर घ्यायची. रंगीत टूथपिक घेऊ नयेत, रंग मांसाला लागतो. टोकदार पातळ बांबूच्या काड्या सर्वांत बऱ्या. जाड काडीनं पडलेलं भोक शिजल्यावर मोठं होतं.

९ ऑक्टोबर: मालवणी, तव्यावरचं

१२ नळ्यांसाठी सारण: बारीक चिरलेले पाय २०० ग्रॅम, कांदा १५० ग्रॅम, ओलं खोबरं ८० ग्रॅम, आलं-लसूण वाटण १ चमचा, मालवणी मसाला २ चमचे, हळद, मीठ, चार कोकम सोलांचा आगळ.

पहिली खेप पाय कच्चेच मिसळून भरली. तव्यावर मिनिटाभरात पायांनी पाणी सोडलं, नळी फुगली, काडीच्या भोकांतून मसाल्याचं पाणी तव्यावर आणि तेलाचा फेस झाला. वरून रव्याचा थर सुटला. आत पाय शिजले, पण सारण पेजेसारखं.

दुसऱ्या खेपेला पाय आधी मोठ्या आचेवर परतले, सुटलेलं पाणी पूर्ण आटवलं, मग कांदा आणि मसाला, खोबरं सगळ्यात शेवटी. कढईत सारण सरकवलं की मागं ओल राहता कामा नये. ते कोमट होऊ द्यायचं. फ्रिजमधलं गार सारण भरलं तर नळी चार मिनिटांत होते आणि मधला भाग गारच राहतो. मध्य गरम करायला आणखी चार मिनिटं द्यावी तर नळी चामडं होते. तव्यावरच्या पद्धतीत सारण आधीच पूर्ण शिजलेलं आणि कोमट असलं पाहिजे, त्याला दुसरा उपाय नाही. व्हिएतनामी पद्धतीत कच्च्या डुकराच्या मांसाचा खिमा भरतात, तो या तव्याला चालणार नाही. त्याला वाफ किंवा टोमॅटोचा रस्सा आणि पुरेसा वेळ लागतो.

नळ्या कापडानं आतून-बाहेरून कोरड्या करायच्या. आतून पुसायला चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळावं. लोखंडी तवा चांगला तापवून एका वेळी चारच नग. सहा टाकले की तवा थंड पडतो, पाणी सुटतं आणि तळण्याऐवजी उकडणं सुरू होतं. एका बाजूला दोन मिनिटं, दुसरीला दोन, मग कडेवर उभं धरून अर्धं मिनिट. रवा बारीक.

गोव्याच्या रेशादाचं (लाल मिरचीच्या आंबट वाटणाचं) सारणही याच मापात करून पाहिलं. रेशादात विनेगर आणि साखर असते, ती तव्यावर जळते. मसाला फक्त आत भरायचा, बाहेर चोळायचा मोह टाळायचा. बाहेर हळद-मीठ पुरे. चवीला आमच्या चुलीवर रेशाद मालवणीपेक्षा सरस ठरलं. आंबटपणा आतून येतो आणि माकुलाचा गोडवा उठून दिसतो.

१२ ऑक्टोबर: वेळेचा तक्ता

भाताच्या आणि शाईच्या पद्धती लांब शिजवायच्या आहेत, म्हणून आधी नुसत्या पट्ट्या उकळून पाहिल्या. एकाच भांड्यात, बुडबुडे जेमतेम येतील इतक्या आचेवर, ठरावीक वेळानं एक पट्टी बाहेर.

एक मिनिट: मऊ, मोत्यासारखी. तीन मिनिटं: घट्ट पण चांगली. पाच मिनिटं: चावावी लागते. दहा ते पंचवीस: रबर, दातांतून परत उसळते. तीसच्या आसपास थोडी सैल. चाळीसला काडी आरपार जाते. पंचावन्नला मऊ आणि आकार शाबूत. पंचाहत्तरला धागे सुटू लागले.

मधली वीस-पंचवीस मिनिटं म्हणजे फसण्याची जागा. बरेच जण पंधरा मिनिटांना चाखतात, 'जास्त शिजलं' म्हणून उतरवतात आणि माकूल चिवट असतं असं ठरवून मोकळे होतात. त्या टप्प्याला पोचलं असेल तर उतरवू नये, पुढं अर्धा तास द्यावा.

कच्च्या पपईची पेस्ट लावूनही पाहिली, मटणाला लावतात तशी, वीस मिनिटं. वरचा थर बुळबुळीत पिठासारखा झाला, आतला तसाच चिवट. बाद.

१८ ऑक्टोबर: इकामेशी, कुकरमध्ये

जपानच्या होक्काइदो बेटावर मोरी नावाचं स्टेशन आहे, तिथला हा प्रवासी डबा. १९४१ मध्ये, युद्धाच्या काळात तांदळावर नियंत्रण असताना निघाला. त्या किनाऱ्यावर माकूल भरपूर आणि तांदूळ मोजून, तेव्हा थोड्या तांदळात पोट भरेल असा पदार्थ. नळीत कच्चा तांदूळ भरून शिजवायचा आणि सोया-साखरेच्या रसात मुरवायचा. मूळ कृतीत चिकट तांदूळ आणि साधा तांदूळ मिसळतात.

आपल्याकडं चिकट तांदूळ म्हणजे आसामचा बोरा; ऑनलाइन मिळतो, पण महाग पडतो. म्हणून इंद्रायणी. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांचा हा संकर शिजल्यावर धरून राहतो आणि वासही आपल्याला ओळखीचा. कोकणातला उकडा तांदूळ इथं कामाचा नाही, दाणे सुटे राहतात आणि कापल्यावर ताटात सांडतात.

कुकर वापरायचं कारण गॅस वाचवणं. नळ्यांत मापाहून जास्त, दोन-तृतीयांश भिजवलेला तांदूळ, सोया आणि साखरेचं पाणी, दोन शिट्ट्या, घाईत वाफ सोडली. झाकण उघडलं तर निम्म्या नळ्या लांबीनं उकललेल्या आणि रसात भाताची खीर. बाहेरचा दाब एकदम उतरला की आतली वाफ नळी फाडते. वाफ आपोआप उतरू दिली तेव्हा फाटलेल्या नळ्या कमी, पण ज्या टिकल्या त्यांच्यात मधोमध तांदळाचा कच्चा खडा. गच्च भरल्यामुळं दाण्याला फुगायला जागा नाही आणि पाणी आत पोचायला वाट नाही. नुसत्या माकुलाच्या रस्श्याला कुकर छान चालतो. भरलेल्याला नाही.

२० ऑक्टोबर: इकामेशी, उघड्या पातेल्यात

तांदूळ प्रत्येक नळीत तीनच चमचे. पातेलं पसरट, नळ्या एका थरात एकमेकींना टेकून, जेणेकरून गडगडणार नाहीत. वरून पातेल्याच्या आत उतरेल अशी स्टीलची ताटली थेट नळ्यांवर ठेवली. जपानी स्वयंपाकात यासाठी लाकडी झाकण असतं, काम तेच: नळ्या तरंगत नाहीत आणि थोड्या रसात वरची बाजूही शिजते. काडीनं प्रत्येक नळीला दोन-तीन टोचे मारले, पाणी आत जायला आणि वाफ बाहेर यायला.

फाटणं थांबलं. तरी भात पन्नास मिनिटांनंतरही कणीदार. कारण रसातली साखर आणि मीठ. दाट, खारट-गोड पाण्यात तांदूळ पाणी नीट पीत नाही. आचेला किंवा वेळेला दोष देऊन काही मिळत नाही, क्रम बदलावा लागतो:

१२ नळ्यांना १२० ग्रॅम इंद्रायणी, दोन तास भिजवून वीस मिनिटं चाळणीत निथळलेला. साधं पाणी ९०० मिली, आल्याच्या चकत्या १५ ग्रॅम. नळ्या बुडून वर दोन सेंमी पाणी. उकळी आली की आच मंद, ३५ मिनिटं. एक नळी कापून भात बघायचा. कणी गेली असेल तरच सोया सॉस ९० मिली, साखर ६० ग्रॅम, पांढरी वाईन १०० मिली (साके या जपानी तांदळाच्या दारूच्या जागी). पुढं २५ मिनिटं झाकण काढून, शेवटची दहा मिनिटं रस चमच्यानं वर सोडत. रस काकवीसारखा दाट होण्याच्या आधी बंद. गार होताना तो आणखी दाटतो.

सोया सॉसबद्दल: चायनीजच्या गाड्यांवर वापरतात त्या गडद सॉसमध्ये कॅरॅमलचा रंग असतो. एका भांड्यात तो घातला होता. आटल्यावर रस काळाकुट्ट, कडवट, आणि मीठ सोसवेना. नैसर्गिकरीत्या आंबवलेला सॉस घ्यावा; लेबलवर सोयाबीन, गहू, मीठ, पाणी एवढंच असतं. महाग आहे, पण एका ताटाला १५ मिलीच लागतो.

उतरवल्यावर रसातच वीस मिनिटं राहू द्यायचं, मग कापायचं. गरमागरम कापलं तर सुरीखाली भात बाहेर येतो.

२७ ऑक्टोबर: फ्रोजन नळ्या

वारा फिरल्यामुळं किनाऱ्यावर माकूल नाही. पावसाळी बंदीतही (१ जून ते ३१ जुलै) ट्रॉलरचा माल नसतो, तेव्हा फ्रोजनवर भागतं का हे आताच पाहिलेलं बरं म्हणून साफ केलेल्या नळ्यांचं एक किलोचं पाकीट, ₹५२०.

वरचा बर्फ वितळल्यावर भरलं ८४० ग्रॅम. ४५ मिनिटं शिजवल्यावर ४३० ग्रॅम. ताज्या साफ नळ्यांचे त्याच वेळात १ किलोचे ६०० ग्रॅमच्या आसपास राहतात, आणि त्यांना बर्फाची तूटही नसते. फ्रोजन माल कित्येकदा पाणी धरून ठेवणाऱ्या फॉस्फेटच्या द्रावणात बुडवलेला असतो. ते पाणी शिजताना निघून जातं. खूण म्हणजे अति पांढरा, फुगलेला, हाताला साबणासारखा निसरडा नग.

तव्यासाठी हा माल निरुपयोगी. कितीही पुसा, पाणी येतच राहतं. भाताच्या आणि शाईच्या पद्धतीला मात्र चालतो, एवढंच की शिजायचा वेळ दहा मिनिटांनी कमी करायचा, कारण गोठवल्यानं मांस आधीच सैल झालेलं असतं. तांदूळही तीनऐवजी अडीच चमचे, नळी जास्त आकसते.

२ नोव्हेंबर: शाई जमवणं

बास्क मुलखात, स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर, लहान माकुलं त्यांच्याच शाईच्या रसात शिजवतात. नळीत त्यांचेच चिरलेले पाय आणि कांदा. ऐकायला सोपं.

शाईची पिशवी आतड्यांना चिकटलेली, चंदेरी, तांदळाच्या लांब दाण्याहून थोडी मोठी. ३० माकुलांतून चहाचा चमचाही भरला नाही. ट्रॉलरच्या जाळ्यात आलेलं माकूल शाई आधीच टाकून मोकळं झालेलं असतं. उपाय बाजारातच आहे: ज्याच्या पाठीत समुद्रफेन निघतो ते रुंद माकूल. त्याची पिशवी मोठी. दोन नग, मिळून ९०० ग्रॅम, ₹३४० किलोनं. दोघांची मिळून अडीच चमचे शाई, १२ नळ्यांना पुरून उरली. मांस सुक्याला गेलं.

पिशवी काढताना नळीसारखा भाग चिमटीत धरून कात्रीनं कापायचा आणि थेट वाटीत न्यायचा. लाकडी पाट, संगमरवरी ओटा आणि सुती कपडे दूर. स्टीलवरचा डाग जातो, लाकडावरचा राहतो. कोळणींना सांगून ठेवलं तर माकूल साफ करताना त्या पिशव्या बाजूला ठेवतात, त्यांना तो कचराच.

५ नोव्हेंबर: शाईतलं माकूल

फ्रिजरमध्ये ठेवलेल्या पिशव्यांतली शाई गोळा होऊन बसली होती, रसात टाकली तर काळे कण तरंगत राहिले. खडेमीठ अर्धा चमचा आणि पांढरी वाईन ५० मिली घालून वाटीत चमच्याच्या पाठीनं रगडली आणि चहाच्या गाळणीतून गाळली, तेव्हा एकजीव झाली. मलमलीचं कापड वापरू नये, शाई कापडातच राहते.

रस: कांदा ५०० ग्रॅम उभा पातळ, ऑलिव्ह तेल ६० मिली, लसूण ४ पाकळ्या, हिरवी ढोबळी मिरची १, टोमॅटो १५० ग्रॅम. कांदा मंद आचेवर ४० मिनिटं, लाल न होता नुसता विरघळला पाहिजे. हा वेळ वाचवला तर रस पाणचट आणि उग्र लागतो. हळद, तिखट, गरम मसाला काहीही नाही. हात शिवशिवतो, तो आवरायचा.

पहिल्या भांड्यात शाई घालून मग रस मिक्सरला फिरवला. बाहेर आला तो राखाडी, ओल्या सिमेंटच्या रंगाचा. मिक्सरनं हवा मिसळली की काळा रंग फिका पडतो, शिवाय भांड्याचं रबर कायमचं काळं झालं. आता क्रम असा: कांदा-टोमॅटो आधी वाटून गाळायचा, पुन्हा चुलीवर, मग शाई, आणि शाईसकट दहा मिनिटं उकळी. उकळल्यावर रंग चकचकीत काळा येतो आणि कच्चा, लोखंडी वास जातो. दाटपणासाठी तेलात तळलेला पावाचा एक तुकडा वाटणातच टाकावा. मैदा नको, रसावर साय येते.

सारण मालवणीसारखंच कोरडं, फक्त पाय, कांदा, लसूण. सहा चमचे ऐवजी पाच. भरलेल्या नळ्या तेलात मिनिटभर परतून रसात, झाकण ठेवून ४५ मिनिटं. मीठ अगदी शेवटी चाखून. शाईत खडेमीठ गेलेलं असतं आणि माकुलाचं स्वतःचं मीठही उतरतं.

सोबत पांढरा भात. तिकडंही भात किंवा तळलेला पाव देतात. ताट दिसायला भीतीदायक आणि चवीला पाचांत सर्वांत खोल. गिऱ्हाइकाला आधी सांगून वाढावं, ओठ आणि दात काळे होतात. पांढऱ्या शर्टवाल्याला पंचा द्यावा.

११ नोव्हेंबर: कोरियन चकत्या

कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सोक्चो शहरातली अबाई वस्ती यासाठी प्रसिद्ध आहे. कोरियन युद्धात उत्तरेच्या हामग्योंग भागातून आलेले निर्वासित तिथं वसले. माकुलात भात, टोफू, भाज्या भरून वाफवायचं, चकत्या करायच्या, अंड्यात बुडवून तळायच्या.

सगळी अडचण चकती सुटण्याची. कापली की भोवतीचं कडं एकीकडं, सारण दुसरीकडं. माकुलाची आतली बाजू गुळगुळीत, सारण तिला धरत नाही. दोन गोष्टी कराव्या लागतात. चमच्याच्या बोथट दांड्यानं आतला पातळ पडदा खरवडून काढायचा, आणि भरण्याआधी नळीत चमचाभर मैदा टाकून, हलवून, जास्तीचा झटकून टाकायचा. मैद्यानं सारण चिकटतं. वाफवून झाल्यावर पूर्ण गार करून, ओल्या सुरीनं कापायचं.

१२ मिनिटांची वाफ म्हणजे वरच्या तक्त्यात थेट रबराच्या पट्ट्यात. चिवटपणा राहतोच; एक सेंमीच्या चकतीत तो खपतो, दीड सेंमीच्या चकत्या ताटात परत आल्या. टोफू कापडात बांधून वजनाखाली अर्धा तास दाबलेला असावा. पनीर घालून पाहिलं, वाफेत घट्ट होऊन दाणेदार लागलं.

१६ नोव्हेंबर: केरळची, थोडक्यात

कूंतळ निरच्चद, म्हणजे भरलेलं माकूल. ओलं खोबरं, छोटे कांदे, कढीपत्ता, पाय यांचं परतलेलं सारण, सहा चमचे. आधी सहा मिनिटं वाफ, मग मिरची-हळदीचा लेप लावून खोबरेल तेलात. वाफेतून काढून लगेच तेलात टाकलं तर तेल चारी बाजूंना उडतं. पंधरा मिनिटं चाळणीत निथळून, पुसून मगच. तेलात दोन मिनिटांच्या वर नाही. वाफेखाली जमलेलं पाणी टाकू नये, त्यात माकुलाची सगळी चव असते. ते पुढच्या खेपेच्या सारणात आटवावं. गर्दीच्या दिवशी हीच पद्धत सोयीची, सकाळी वाफवून ठेवता येतं.

२३ नोव्हेंबर: हिशोब आणि साठवण

एक नळी ₹२४ (मजुरी सोडून). मालवणी ताट, ३ नग: ₹७२, सारण ₹१४, तेल-रवा-गॅस ₹८, एकूण ₹९४. इकामेशी, २ नग: ₹४८, सोया ₹१८, तांदूळ-साखर-आलं ₹४, वाईन ₹१०, गॅस ₹६, एकूण ₹८६. शाईतलं, ३ नग: ₹७२, तेल-कांदा-वाईन वगैरे ₹३८, गॅस ₹७, एकूण ₹११७, त्यात रुंद माकुलाची किंमत धरलेली नाही कारण त्याचं सुकं विकलं गेलं. कोरियन ताटाला साधारण मालवणीइतकाच खर्च, पण हातकाम दुप्पट. रोजच्या ताटात ते ठेवलेलं नाही, आगाऊ सांगितलं तरच.

साफ केलेल्या कच्च्या नळ्या कोरड्या करून एका थरात गोठवल्या तर तीन महिने चांगल्या राहतात. ढीग करून गोठवल्या की सुट्या करताना फाटतात. भरून, कच्च्याच गोठवू नयेत: सारणाचा बर्फ वितळताना नळी पाण्यानं भरते.

शिजवलेली इकामेशी दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेली पाहिजे, भाताचा पदार्थ बाहेर ठेवणं धोक्याचं. फ्रिजमध्ये भात कडक होतो. मायक्रोवेव्हमध्ये गरम केली तर भात मऊ, पण नळी चिवट. त्याऐवजी उरलेल्या रसात दोन चमचे पाणी घालून, झाकण ठेवून, मंद आचेवर आठ मिनिटं. शाईतलं दुसऱ्या दिवशी तसंच गरम करावं, ते मुरल्यावर जास्त चांगलं लागतं. तव्यावरचं मालवणी उरवू नये, पुन्हा गरम करण्याची कोणतीही रीत जमली नाही.